मशीनरूममधली पंगत

मे महिन्यात काखोटीला रजई मारून नोकरीला निघणारा माणूस अख्ख्या जयपुरात एकच, आणि तो नेमका द्वारकाबाईंच्या वाट्याला आला होता.

शामराव मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या एसी डब्यांचा गारवा सांभाळत बदलीवर इथे आले, रिटायर झाले आणि आता जगतपुऱ्यातल्या एका डेटा सेंटरचा गारवा सांभाळत होते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसी सोळावर. म्हणून रजई! एवढं करूनही मागच्या रांगेतले सर्व्हर तापून बंद पडायचेच.

मॅनेजर देवेंद्र जयपुरातच वाढलेला. "काका, मतलब, पंधरा जूनपर्यंत नाही जमलं तर सगळं गुडगावला हलवणार. आपण दोघंही घरी."

"गुडगावला काय बर्फ पडतो?" शामराव म्हणाले. पण रात्रभर कूस बदलत राहिले.

बुद्धपौर्णिमेला जवाहर नगरच्या हॉलमध्ये जेवण होतं. मंडपवाल्याने टेबलं शाळेच्या बाकांसारखी एकामागे एक मांडलेली. द्वारकाबाईंनी कमरेला पदर खोचला.

"अहो भैया, मागच्यांनी काय पुढच्यांच्या पाठी बघत जेवायचं? समोरासमोर लावा. वाढपी मधून फिरू दे!"

खिरीची चव बघणाऱ्या शामरावांचा चमचा हवेतच थांबला. मशीनरूममधली सर्व्हरची कपाटं अशीच तर उभी होती! सर्व्हर तोंडाने गार हवा घेतो, पाठीने गरम सोडतो. पुढच्यांचा गरम श्वास थेट मागच्यांच्या तोंडात. एसी बिचारा काय करणार?

"कपाटं फिरवायची?" दुसऱ्या दिवशी देवेंद्र दचकला. "काही बिघडलं तर?"

"तर घरी. तिकडेच तर चाललोय ना आपण?"

पहिल्या रविवारी वायरी तोकड्या पडल्या. सगळं होतं तिथे ढकलावं लागलं. शामरावांचा गुडघा सुजला. दुसऱ्या रविवारी ते लांब वायरी आणि गुडघ्याला पट्टा घेऊन हजर. मागची रांग बंद करून फिरवली. तोंडासमोर तोंड, मधे गार हवेचा वाढपी, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे पडदे. मग रोज एकेक डिग्री एसी चढवला. सतरा, अठरा... चोवीस. देवेंद्रला घाम फुटला, सर्व्हरना नाही.

पंधरा जूनला दोन एसी चक्क बंद ठेवले होते आणि मशीनं सगळी चालू.

"गुडगावचं काय रे?"

"मतलब... राहू दे, काका."

शामराव भरदुपारीच रजई घेऊन घरी आले. द्वारकाबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. "काढलं का हो तुम्हाला?"

"मला नाही. हिला," त्यांनी रजई कपाटात कोंबली. "उद्या पंचविसावर नेऊन बघतो."