विश्वजित सरांचा तपकिरी स्लॉट

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला, एका मेडिकलच्या वर, विश्वजित सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सर म्हणजे कचेरीतल्या एका हेडक्लार्कचे धाकटे चिरंजीव. तिसऱ्या खेपेला बी.कॉम. झाले, पुण्याला जाऊन दीड महिन्याचा हार्डवेअरचा कोर्स करून आले, आणि पुढची चौदा वर्षं त्यांनी नवीन काहीही शिकून घेतलं नाही. दीड महिन्यात जेवढं कळतं तेवढंच जगात असतं, अशी त्यांची शांत समजूत होती.

क्लासच्या भिंतीवर प्लायवूड ठोकलेलं होतं. त्यावर भंगारातून किलोनं आणलेली जुनी कार्डं स्क्रूनं बसवलेली, आणि मधोमध एक मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती मोठी हिरवी पाटी. तिच्यावर कार्डं बसवायच्या लांबट खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटचं, हे ओळखायला शिकवणं हा कोर्सचा गाभा. सरांनी ते काम रंगावर उरकलं होतं.

"काळा आयएसए! पांढरा पीसीआय! तपकिरी एजीपी!" पोरं पाढ्यासारखी ओरडायची. सर डोळे मिटून ऐकायचे.

खंडेनवमीला या प्लायवूडची पूजा व्हायची. प्रत्येक कार्डाला हळदकुंकवाचं ओलं बोट. इतक्या वर्षांत कार्डांचे, स्लॉटमध्ये शिरणारे सोनेरी दात लालपिवळे झाले होते आणि त्यांच्यावरचे नंबर कुंकवाखाली बुजले होते. कुणी नंबर विचारलाच तर सर म्हणायचे, "ओळखणाऱ्याला नंबर लागत नाही."

ही गोष्ट २०१३च्या उन्हाळ्यातली. नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, आणि तरीही स्टेशनपलीकडे रोज नव्या बंगल्यांच्या स्कीमचे बोर्ड लागत होते. क्लासमधला माठ फक्त सरांचा. पोरांनी घरून बाटली आणायची. सर त्या बाटलीतलंही प्यायचे.

त्या बॅचला पिशोरची संस्कृती होती. आल्याचं पीक पाण्यावाचून गेल्यावर पुंजारामांनी लेकीला शहरात मावशीकडे ठेवलं होतं, पण मुदत घालून. जूनपर्यंत नोकरी लागली तर राहायचं, नाहीतर परत यायचं. परत आल्यावर कन्नडचे पाहुणे बघून ठेवलेलेच होते.

मेअखेर शेंद्र्याच्या एका वर्कशॉपमधून निरोप आला. तिथल्या तपासणीच्या तीन मशीन जुनाट कॉम्प्युटरवर चालायच्या, कारण त्यांचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालतच नव्हता. त्यांची निगा राखायला कायमचं माणूस हवं होतं. सर संस्कृतीला घेऊन गेले. शिष्येची वर्णी लागली तर क्लासची जाहिरात होणार होती.

फोरमन मोतीराम यांनी एक उघडा कॉम्प्युटर आणि पाच कार्डं टेबलावर मांडली.

"आमच्या एका शहाण्यानं धूळ झटकताना सगळं उचकटलं. कोणतं कुठलं, कुणालाच ठावं नाय. पोरगी बसवील तर पोरगी राहील."

संस्कृती पुढे झाली, तोवर सर आडवे आले. आत लांबलचक काळे स्लॉट होते, आणि त्यातल्या दोन स्लॉटांच्या टोकाशी तपकिरी तुकडा.

"तपकिरी. एजीपी," सर म्हणाले. टेबलावरचं सगळ्यात लांब कार्ड त्यांनी बाजूला सारलं. "हे या मशीनचं नव्हेच. कुणीतरी घुसडलंय." मग पिशवीतून घरचं एक आखूड कार्ड काढून त्यांनी तपकिरी खाचेत दाबलं. जाईना. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं.

"जरा टाइट आहे. कानस आहे का?"

"लोखंडाची हाय," मोतीराम म्हणाले. "कशाला वो?"

"कोपरा थोडा घासून घेतो."

संस्कृतीनं ते लांब कार्ड उचललं आणि स्लॉटवर अधांतरी धरून पाहिलं. "सर, थांबा जरा. तपकिरी खाच एकटी नाय. काळ्याच्या रेषेतच हाय. हे एक कार्ड दोन्हीत मिळून बसतं."

"मी काय शिकवलं होतं?"

"रंग."

"मग?"

"मग ह्याचे दात तीन तुकड्यांत कशाला असतील, सर? दोन तुकडे काळ्यात, एक तपकिरीत."

तिनं दोन्ही टोकांवर सारखा जोर दिला. कार्ड बसलं. उरलेली चार तिनं काळ्या स्लॉटांत बसवली, बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं पळू लागली.

"कानस ठिवू का परत?" मोतीरामांनी सरांना विचारलं. मग तिला म्हणाले, "सोमवारपासून ये, बाई. क्लासचं सर्टिफिकेट तेवढं आण. हापिसात फायलीला लागतं."

सर्टिफिकेट हा शब्द ऐकून सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला.

परतीच्या रिक्षात ते म्हणाले, "मी मुद्दाम चुकलो. तुझी परीक्षा घेत होतो."

"व्हय सर. अन् कानस?"

सर पुढे वाकून रिक्षावाल्याला चिकलठाण्याचा रस्ता सांगू लागले.

गुरुवारी ती सर्टिफिकेट आणायला गेली, तर शिक्का घरी राहिला होता. शुक्रवारी शिक्का होता, पण पॅड वाळलेलं होतं. शनिवारी सरांनी तिच्यापुढे अभिप्रायांची वही सरकवली.

"लिही. कार्ड ओळखता आलं ते सरांमुळे, असं. मग सही करतो."

संस्कृती अडखळली नाही. दुसऱ्याच्या नळाला हंडा लावायचा असला की बाई जशी दोन गोड शब्द आधी बोलून घेते, तसं तिनं लिहिलं: मला जे काही ओळखता येतं, ते सगळं विश्वजित सरांमुळे. सरांनी ओठ हलवत वाचलं.

"नावाच्या आधी 'आदरणीय' घाल."

तिनं घातलं. सही झाली, शिक्का बसला. कागद पिशवीत ठेवून तिनं जिन्यातूनच पिशोरला फोन लावला.

"आबा, कन्नडच्या पाहुण्यांना नाय म्हणून सांगा. मला नोकरी लागली."

वरच्या खोलीत सर नव्या बॅचला तो अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवत होते. 'आदरणीय' त्यांनी दोनदा वाचलं.