गावांच्या फोल्डरमधले स्कॅन

१२ डिसेंबर. काम एकच होतं: जळगावच्या सेंटरमधले जुने एमआरआय धुळ्याच्या शाखेत पोचवायचे. जळगावची जागा आम्ही सोडत होतो आणि तिथलं नेट आधीच कापलं होतं. म्हणून डिस्क पिशवीत घालून मी एसटीने निघाले.

आमच्याकडे पेशंट गावावरून शोधतात. रावेरला एकाच नावाचे दहा निघतात. म्हणून स्कॅन तिथल्या संगणकाच्या मोठ्या डिस्कवर नंबराने ठेवलेले आणि असोदा, रावेर, मुक्ताईनगर अशा गावांच्या फोल्डरमध्ये त्यांच्या फक्त लिंक, म्हणजे खरी फाइल कुठे आहे त्याचा पत्ता. नानांनी, म्हणजे आमच्या जुन्या तंत्रज्ञांनी, `cp -r` ही कॉपीची आज्ञा देऊन ते फोल्डर माझ्या पिशवीतल्या डिस्कवर उचलले होते आणि सगळं झालं म्हणून सांगितलं होतं.

"अक्का, बठ्ठं व्हई गयं. एक बी नाव सुटनं नही."

धुळ्यात सर्जन वाटच पाहत होते. रावेरच्या एका बाईंच्या मणक्यात गाठ होती. "जुना स्कॅन दाखवा. वाढली नसेल तर हात लावायचा नाही. स्कॅन नसेल तर उद्या दहाला पाठ उघडावी लागेल."

मी फाइल उघडली. उघडेना. दुसरीही नाही. डिस्क जवळजवळ रिकामी होती. फाइलींची यादी बघायला `ls -l` दिलं, तर प्रत्येक नावापुढे बाण आणि जळगावच्या डिस्कचा पत्ता. `cp -r` आतल्या लिंक लिंक म्हणूनच उचलतं, त्यांच्यामागची फाइल आणत नाही. आणि जळगावचा संगणक आजच पुसून जुने संगणक घेणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचा होता.

नाना फोन उचलेनात. मशीनच्या खोलीत चुंबक चालू, त्यामुळे फोन बाहेरच ठेवावा लागतो. मी जळगावच्या सेंटरसमोरच्या चहावाल्याला लावला.

"भाऊ, पळा. नानांना सांगा, संगणकाला हात लावू नका."

"ताई, दूध उकळतंय."

"गॅस बंद करा आणि पळा!"

रावेरच्या त्या बाई बाकावर बसून माझ्याकडे पाहत होत्या. काय बिघडलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

शेवटी नानांचा फोन आला. "काय आग लागनी का अक्का?"

"पुसलं का?"

"व्यापारी बाजूलेच बसेल शे. आते बटन दाबसू."

"दाबू नका. डिस्कवर नुसत्या लिंक आल्यात, स्कॅन तिथेच आहेत."

त्यांनी तिकडे व्यापाऱ्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे पत्रिका उनी, नवरदेव नही उना!"

"हो, नुसती पत्रिकाच आली. आणि नवरदेवाला पुसायला निघाला होतात तुम्ही."

संध्याकाळी मी जळगावात परतले. या वेळी `cp -rL` दिलं. ते लिंकमागची खरी फाइल आणतं. कॉपीला वेळ लागायला लागला, म्हणजे मोठ्या फाइली खरंच येत होत्या; तेव्हाच जरा श्वास घेतला. त्या संगणकावर नुसत्या लिंकही उघडल्या असत्या, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली आणि रावेरचा स्कॅन तिथे उघडून पाहिला. जुना संगणक कपाटात घालून किल्ली मी घेतली. व्यापारी कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने धुळे गाठलं. सर्जननी जुना आणि नवा, दोन्ही स्कॅन शेजारी लावले, मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं. गाठ होती तेवढीच होती. ऑपरेशन रद्द झालं. बाईंना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. मी खाली जाऊन त्यांच्यासाठी चहा आणि खारी घेऊन आले.