धुण्याआधी बघायचं

स्पष्ट सांगतो — भुताखेतांवर माझा विश्वास नाही. विश्रांतवाडीच्या चौकात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत मोठा झालोय. 'भूत दाखवा!' हे त्यातलं ठळक वाक्य माझंच. म्हणून हे लिहायला लाज वाटते... पण न लिहिणं खोटेपणा ठरेल.

माझा दादा हिंजवडीच्या एका कॉल सेंटरसाठी आमची घरची गाडी चालवायचा. ठेकेदार सलग दोन शिफ्ट लावायचा, वर सल्ला — "चहा पी, झोप जाते." दादाचा एक नियम होता. गाडी धुण्याआधी मागचे शॉकअप, म्हणजे चाकाजवळचे धक्के झेलणारे तेलाचे दांडे, बघायचे. तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल तर लीक. मग डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडायचं. "एकदा वर येऊन बसली तर ठीक. नाचली तर गेली."

दसऱ्याच्या सकाळी तो शिफ्टवरून येऊन झोपला होता. आम्ही बौद्ध, गाडीला हार-लिंबू काही नाही. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती चकाचक हवी, हा माझा हट्ट. खाली शिरून मी सगळं रॉकेलनं पुसलं. उजव्या शॉकअपवरचा काळा चिखलसुद्धा. मला तो चिखलच वाटला.

दादा डोळे चोळत आला. पुढच्या शिफ्टला उशीर झाला होता. "काय पुढारी, खाली बघितलंस का?"

"एक थेंब नाही. जा बिनधास्त."

माझ्या शब्दावर त्यानं गाडी काढली. बायपासच्या वळणावर मागची बाजू उसळली, घसरली... दादा जागीच गेला. ठेकेदार म्हणाला, ड्रायव्हरची चूक. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. रॉकेलचं त्यात लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी गाडी दुरुस्त होऊन आली. "शॉकअप नवे टाकलेत," गॅरेजवाला म्हणाला. वारज्याचे सलीमभाई ती विकत घ्यायला आले. संध्याकाळी बायको-मुलीला घेऊन साताऱ्याला निघणार होते. ते आत आईशी बोलत चहा घेत होते. देण्याआधी गाडी धुवावी म्हणून मी बादली भरली, फडकं पिळलं —

गाडीची मागची बाजू खाली दबली. वर आली. पुन्हा खाली. भर दुपार, पान हलत नव्हतं, गाडीजवळ कुणी नाही. चार वेळा नाचली आणि थांबली.

"आत कोण बसलंय हो?" सलीमभाई दारातून विचारत होते. म्हणजे त्यांनीही बघितलं.

मी फडकं टाकून खाली शिरलो. शॉकअप जुनेच, वरून काळा रंग मारलेला! उजव्यावरून तेल ओघळत होतं.

"सलीमभाई, आज गाडी देत नाही."

आई उंबऱ्यात उभी होती. "तोच होता ना रे?" मी भरलेली बादली ओतून टाकली.

तेल का गळलं ते मला कळतं. गॅरेजवाल्याशी कडाकडा भांडून नवे शॉकअप बसवून घेतले, मगच चावी दिली. गाडी कुणी दाबली, ते आजही कळत नाही. दादा असेल, तर अनोळखी माणसासाठी आला.

दादासाठी त्या सकाळी कुणी यायची गरजच नव्हती. मी होतो ना तिथे... हातात फडकं घेऊन.