सलीमने पाठवलेला मेसेज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. सलीमची आठवण हल्ली रोज येते आणि आली की जेवण गोड लागत नाही.

आम्ही दोघं बाळापूरहून अकोल्याला एकाच एसटीनं यायचो. जागा एक मिळाली तर तो मला बसवायचा आणि स्वतः दांडी धरून सगळ्या बसला हसवायचा. ऑफिस लहानसं — शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामानाचे इशारे पाठवायचं. त्या वर्षांत वऱ्हाडात वाईट बातमीशिवाय पेपर उघडत नव्हता. मेसेज वेळेवर गेला तर कुणाचा तरी सोंगलेला हरभरा झाकला जाईल, असं सलीमला मनापासून वाटायचं. इशारे तो पाठवायचा. मी सर्व्हर सांभाळायचो, आणि — खरं सांगू? — त्याचा तोरा मिरवायचो.

एका दुपारी अमरावतीकडे गारपीट झाली, आणि गावांत इशारा पोचलाच नाही. सलीम म्हणे, पाठवला. साहेबांनी मला लॉग तपासायला सांगितला — मशीन प्रत्येक कामाची वेळ टिपून ठेवतं, ती नोंद. तिच्यात शोधायचं तर तारीख-वेळ ठरावीक पद्धतीनंच लिहावी लागते. मी जुन्या नमुन्यावरून उतरवली. नमुन्याच्या शेवटी झेड हे इंग्रजी अक्षर होतं, तेही लावलं. कशासाठी, ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. दुपारी दोन ते चार शोधलं. काहीच निघालं नाही. "मशीन खोटं बोलत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

सलीम भांडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तू पायलं ना? मंग नसन गेला. मलेच भरम झाला असन."

त्याला कामावरून काढलं.

झेडचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात, दुसऱ्याच कामात कळला. तो लावला की मशीन जागतिक घड्याळाची वेळ धरतं — आपल्याहून साडेपाच तास मागची. म्हणजे मी दुपार शोधलीच नव्हती. आपल्या साडेसात ते साडेनऊची, ऑफिसला कुलूप असतं ती रात्र शोधली होती. साडेपाच तास वजा करून पुन्हा लिहिलं. सलीमचा मेसेज तिथंच होता. आमच्याकडून वेळेवर निघालेला, पुढं मोबाइल कंपनीच्या वाटेत कुठंतरी अडकलेला.

साहेबांची केबिन शेजारीच होती. उठलो का? नाही. चहा मागवला. माझी हुशारी उघडी पडेल — एवढीच भीती. त्याच्या अम्मीच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो, आणि ती चूल कुणाच्या पगारावर पेटते हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर एसटीत मी एकटा. बाळापूरच्या स्टँडवर अजूनही त्याला शोधतो. मला तो हवा आहे — पण कोणत्या तोंडानं?

अकोल्याच्या जुन्या शहरात आता त्याचं रिचार्जचं दुकान आहे. परवा गेलो, सांगायचंच ठरवून. त्यानं खुर्ची पुसून दिली. रिचार्ज मारला की तो प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवत होता — "आला का मेसेज? दाखवा बरं." स्वतः बघितल्याशिवाय कुणाला जाऊ देत नव्हता.

"असं काहून रे?" मी विचारलं.

तो हसला. "माह्या हातचा काई भरोसा नाई ना भाऊ. तुले त मालूमच हाय."

मी "हो" म्हणालो.