शेरा: नगण्य

टॉर्पेडोसारखं आमचं पिवळं यंत्र दिवसभर खोल समुद्राच्या तळाशी एकटंच फिरून फोटो काढायचं आणि संध्याकाळी जहाजावर परत यायचं. त्या तळावरून पाइपलाइन टाकायची होती. फोटो तपासून शेरे लिहिणं माझं काम. एका फोटोत ऑक्टोपसची मादी दिसली, पांढुरकी, आठही बाहूंनी आपली अंडी कवटाळून बसलेली. त्या काळोखात तिच्यावर एवढा उजेड पहिल्यांदा पडला असेल, तो आमच्या फ्लॅशचा.

मी आमच्या प्रमुखांना बोलावलं. "सर, पाइप हिच्यावरूनच जाईल. थोडा वळवता येईल ना?"

"एका ऑक्टोपससाठी?" ते म्हणाले. "जीवसृष्टीच्या रकान्यात 'नगण्य' लिहा आणि पुढे चला." मग स्क्रीनकडे वाकून म्हणाले, "भजी मात्र झकास होतील हिची."

केबिनमधले सगळे हसले. मीही हसले. 'नगण्य' लिहून मी पुढचा फोटो उघडला.

साहेबांची किळस मला तिथेच आली होती. दुसऱ्याची किळस येणं सोपं असतं. ती घेऊन आपण निवांत जेवतो, झोपतो. पण त्या हशातला माझा स्वतःचा आवाज आठवला, की मला अजून शिसारी येते.