फ्रीजमधल्या सासूबाई

गल्लीत तिला सगळे ‘गटारवाली’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चांगली शिकलेली, प्रयोगशाळेत नोकरीला असलेली ही सून सकाळी सकाळी दोरीला बाटली बांधून गटारात सोडायची आणि विहिरीचं गोड पाणी काढावं अशा कौतुकाने वर ओढायची. त्या पाण्यात तिला फाज हवे असत. फाज म्हणजे जिवाणूंचा जीव घेणारे विषाणू. माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. पण आपला ठरलेला जिवाणू दिसला की त्याच्या घरात घुसतात, तिथेच पिल्लावळ वाढवतात आणि घर फोडून बाहेर पडतात. हे सांगताना तिच्या डोळ्यांसमोर कोण यायचं, ते विचारू नका.

या धंद्यात एक रीत आहे. ज्याला फाज सापडला, नाव त्यानेच द्यायचं. बाकीचे लोक ताऱ्यांची, नद्यांची नावं देतात. हिने अख्खं सासर फ्रीजमध्ये भरलं. थोरली जाऊ होती, नणंद होती, नवराही होता. एकदा बादलीवरून घरात कडाक्याचं भांडण झालं आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या गटारात असा एक फाज मिळाला, की काचेच्या ताटलीत वाढवलेल्या जिवाणूंच्या सायीची त्याने पार चाळण केली. हिने बाटलीवर लिहून टाकलं, ‘सासूबाई’. नाव जगभरच्या नोंदीत गेलं. घरी मात्र नवरा सोडला तर कुणाला चकार शब्द नाही.

आणि मग सासऱ्यांच्या पायाची जखम चिघळली. एकामागून एक औषधं झाली, जिवाणू कशालाच दाद देईना. लवकर उतार पडला नाही तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. संध्याकाळी चार गल्ल्या पालथ्या घातल्याशिवाय ज्यांना जेवण जात नसे, ते सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सासूबाईंनी तर भांडणंच सोडलं. त्याची सुनेला खरी धास्ती वाटली.

तिने जखमेतले जिवाणू नेले आणि फ्रीजमधलं सासर त्यांच्यावर सोडलं. जाऊ आणि नणंदेने ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याने मात्र फडशा पाडला! ती नाचायचीच बाकी होती. पण जखमेत सोडण्याआधी फाजची जनुकं वाचून त्याचं घराणं बघावं लागतं. निघालं ते घरजावयांचं. म्हणजे आज मारामारी करणार आणि उद्या जिवाणूच्याच जनुकांत पथारी पसरून घोरत पडणार. असला फाज उपचाराला चालत नाही.

“माझ्या नावाचा?” नवऱ्याचं तोंड पडलं.

“तपासणी तुझी नव्हती रे,” ती म्हणाली. “पण निकाल पटण्यासारखा आहे.”

उरली एकच बाटली. तिनेही या जिवाणूंची चाळण केली, आणि तिचं घराणं निघालं सरळ मारणाऱ्यांचं. पथारी नाही, विष नाही, दयामाया नाही. इस्पितळाच्या समितीने परवानगी दिली.

“आजी, काळजी करू नका,” पट्टी सोडता सोडता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आज सासूबाईंना जखमेत सोडतोय.”

“मला?” सासूबाई खुर्चीतून ताडकन उठल्या.

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळं ओकावं लागलं. गटार, बादली, चाळण. सगळं ऐकून सासूबाई डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या इवल्याशा नळीकडे पाहून म्हणाल्या, “मग थेंब थेंब काय टाकताय? ओता की!”

हळूहळू पू आटला, सूज उतरली, खाली लालसर नवं मांस दिसू लागलं. पाऊल वाचलं. सासरे काठी टेकत दारापर्यंत चालून आले, तेव्हा सासूबाई तोंड फिरवून रडल्या आणि सून तोंड न फिरवता रडली.

“ती बया अजून आतच आहे का गं?” सासूबाईंनी नाक ओढत विचारलं.

“नाही, आई. जिवाणू संपले की तिला आत थारा नाही. काम झालं की ती आपणहून निघून जाते.”

सासूबाईंनी सासऱ्यांना दंडाला धरून पलंगावर बसवलं, पायाखाली उशी सारली, नको नको म्हणत असताना पाण्याचा पेला हातात कोंबला आणि शेजारची खुर्ची आणखी जवळ ओढून तिच्यात ठाण मांडलं.

“आपणहून निघून जाते? मग ती माझ्या नावाची कसली? नाव बदल तिचं.”