लेहला ऐकलं कुणी?

शमशुद्दीन शिकलगार १८९४ साली जन्मला. त्याच वर्षी शाहू महाराज गादीवर आले, त्यामुळे कुणी वय विचारलं तर त्याला फार हिशेब करावा लागत नसे. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ त्याचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. फाटलेला भाता शिवायचा, बसका सूर घासून जाग्यावर आणायचा, हे काम त्यानं वीस वर्षं केलं. नाटक कंपनी गावात उतरली की तिच्या पेट्या आधी त्याच्याकडे येत. पुढं राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत बोलपट आले, कंपन्या बसल्या आणि पेट्यांचं काम आटलं.

रेडिओ त्याच्या हातात आला तो हंबीररावांमुळे. हंबीरराव जहागीरदार घराण्यातले, शिकारीचे शौकीन. १९३५ साली त्यांनी मुंबईहून बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. महिन्याभरात तो मुका झाला आणि गावात तो उघडायची कुणाची छाती होईना. शमशुद्दीननं उघडला. आत एक सांधा सुटला होता. त्याला डाख दिला आणि रेडिओ बोलू लागला.

तेव्हापासून हंबीररावांना दूरची स्टेशनं पकडायचा नाद लागला. अडचण एकच होती. तीस वर्षं बंदुकीचे बार काढून त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा अर्धा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलत कुणी नसे. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला उभं राहायचं आणि आवाज चढवायचा, एवढा रिवाज सगळे पाळत.

१९३७ च्या सप्टेंबरात हंबीरराव लेहला गेले. रानमेंढ्यांची शिकार हे एक कारण. तिथून रेडिओवर कुठवरचं लागतं ते बघायचं, हे दुसरं. त्यासाठी शमशुद्दीनला बरोबर घेतलं. श्रीनगरच्या पुढं दोन आठवड्यांची वाट, आठ तट्टं, त्यांतल्या दोन तट्टांवर रेडिओ आणि बॅटऱ्या. थंडीनं बॅटरीचा जोर कमी होई, म्हणून शमशुद्दीन स्वतःची रजई बॅटऱ्यांवर घाली आणि घोंगड्यावर भागवी. सफेद्याच्या दोन झाडांमध्ये तार ताणली होती. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना ते बसत. बटण हंबीरराव फिरवत. हेडफोन शमशुद्दीनच्या कानाला. त्याला काही ऐकू आलं की तो उजव्या हाताचं बोट वर करी, आणि हंबीरराव हात थांबवत.

मग तो वहीत लिहून ठेवी. वही त्यानंच श्रीनगरात घेतलेली. तारीख, वेळ, काटा कुठं होता ते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता. ताश्कंद सात वेळा. एका पहाटे कोलंबो, पाच मिनिटं. भाषा कळली नाही तिथं त्यानं पेटीवाल्याच्या रीतीनं सूर लिहिले : बाई गाते, काळी दोन. शीळ वाजते, पांढरी चार. सत्तावीस दिवसांत एकतीस नोंदी झाल्या. कोल्हापुरात परतल्यावर हंबीररावांनी वही जरा बघायला म्हणून मागून घेतली.

डिसेंबरात गावातल्या एका वाचनालयानं लोकांसाठी रेडिओ घ्यायचं ठरवलं. तो रोज संध्याकाळी लावायला, सांभाळायला पगारी माणूस हवा होता. वाचनालयाचे चिटणीस बाळासो शमशुद्दीनच्या ओळखीचे. ते दुकानात आले.

"शमशुभाई, जागा तुझीच समज. पर कमिटी म्हणत्या, पेटीवाल्याच्या हातात रेडिओ कसा द्यायचा? त्यास्नी कायतरी दाखवाय पायजे. ती लेहची वही आण."

"वही हंबीरराव सरकारांकडं हाय."

"मग माग की!"

तो तीनदा गेला. पहिल्यांदा सरकार जेवत होते. दुसऱ्यांदा कुस्त्या बघायला गेले होते. तिसऱ्यांदा भेटले.

"वही कामात हाय," हंबीरराव म्हणाले. "आन् काय रं, बॅटऱ्या माझ्या, तट्टं माझी, तिकीट मी काढलं. वही तेवढी तुझी व्हय?"

शमशुद्दीन घरी येऊन जेवायला बसला आणि त्यानं ताट सरकवलं. त्याची बायको अमीरबी चुलीपुढून म्हणाली, "तितं तुमी काय बोललासा?"

"काय न्हाय."

"मग हितं भाकरीवर कशाला? भाकरीनं नेलीया तुमची वही?"

जानेवारीत वाचनालयाचा रेडिओ आला. समारंभाला हंबीररावांना बोलावलं होतं. दिवस मावळताना सभागृह भरलं. हंबीररावांनी खिशातून वही काढली आणि लेहच्या नोंदी वाचल्या. अमुक तारखेला मी ताश्कंद ऐकलं. अमुक तारखेला मी कोलंबो ऐकलं. एकतीस नोंदी वाचल्या आणि एकतीस वेळा 'मी' म्हटलं. सूर मात्र वाचले नाहीत. शमशुद्दीन तिसऱ्या रांगेत बसून होता.

मग हंबीरराव रेडिओपुढं बसले. मुंबई खणखणीत लागली. टाळ्या पडल्या.

"आता दिल्ली," ते म्हणाले.

कर्ण्यातून खरखर येत होती. काटा दिल्लीवरून गेला. खरखरीच्या तळाशी सारंगी होती, शमशुद्दीनला ती स्वच्छ ऐकू आली. काटा पुढं गेला, मागं आला, पुन्हा सारंगीवरून गेला. मग हंबीररावांनी मान वळवली आणि सवयीनं तिसऱ्या रांगेत, शमशुद्दीनच्या उजव्या हाताकडं पाहिलं.

शमशुद्दीननं दोन्ही हात काखेत घातले.

"हवा खराब हाय," हंबीरराव म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "सरकार, दिल्ली जेवाय गेली काय?" लोक हसले.

हंबीररावांचा चेहरा लाल झाला. "शमशुद्दीन! वर ये. जरा बटण धर."

तो वर गेला आणि त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहिला. साध्या आवाजात म्हणाला, "वही कुणी लिवली त्ये आदी सांगा."

"आँ?"

पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं होतं. शमशुद्दीन जागचा हलला नाही. तेवढ्याच आवाजात त्यानं पुन्हा तेच म्हटलं. हंबीररावांनी बाळासोंकडं पाहिलं. "काय म्हंतोय ह्यो?"

बाळासो डाव्या अंगाला होते. रिवाजाप्रमाणं त्यांना ओरडावंच लागलं : "वही कुणी लिवली त्ये आदी सांगा, म्हंतोय!"

ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुणी हसलं नाही.

"हाकला त्याला," हंबीरराव म्हणाले. शमशुद्दीन आपल्या पायांनी बाहेर पडला. दिल्ली त्या दिवशी लागली नाही.

चार दिवसांनी बाळासो एक लिहून आणलेला कागद घेऊन दुकानात आले. भर सभेत सरकारांचा अवमान केल्याची माफी त्यात होती. त्याखाली असं होतं : लेहच्या प्रवासात मी सामान वाहायला होतो, रेडिओशी माझा संबंध नव्हता.

"कमिटी अजून तुलाच घ्याय तयार हाय," बाळासो म्हणाले. "सही तेवढी कर. तुझ्याबिगर ते डबडं कुणाला लावाय येतंय?"

"आन् हितं लिवलंय संबंध न्हवता."

"लिवाय लागतंय बाबा. पोटाकडं बघ."

शमशुद्दीननं कागद दोनदा वाचला. मग तो उलटा केला, टाक बुडवला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसला. पहिली तारीख, वेळ, काटा, दिल्ली. दुसरी. तिसरी. बाळासो एका फुटक्या पेटीच्या खोक्यावर बसून राहिले.

"आरं, काय चाललंय?"

"तुमच्या कमिटीला कायतरी दाखवाय पायजे हुतं न्हवं? बसा."

तास गेला. एकतीस नोंदी त्यानं आठवून लिहिल्या, सुरांसकट. खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि कागद बाळासोंच्या हातात दिला. माफीच्या बाजूला त्यानं टाक लावला नव्हता.

वाचनालयाची जागा हंबीररावांच्या मोटारीच्या ड्रायव्हरला मिळाली. तिथं मुंबई तेवढी लागे. शमशुद्दीनचा कागद बाळासोंनी कमिटीपुढं ठेवला नाही. ठेवायचा तर कुठली बाजू वर करून, हे त्यांना कुणी सांगेना.